नभोवाणी कार्यक्रम-सल्ला (कोकण किनारा)

लोकसेवा प्रसारण करणाऱ्या नभोवाणी केंद्रासाठी नवे कार्यक्रम आखणे, चालू कार्यक्रमांतील उणिवा श्रोत्यांमध्ये जाऊन शोधणे आणि संहिता, निवेदन, ध्वनी व वेळ यांत दुरुस्ती सुचविणे, हे काम केंद्राच्या नित्य सेवेत नसलेल्या जाणकाराकडून करून घेण्याच्या प्रथेस कार्यक्रम-सल्ला म्हणतात. केंद्राच्या कार्यक्रम सल्लागार समितीचे सदस्य, मानधनावर बोलावलेले लेखक, कृषिशास्त्रज्ञ व मत्स्यतज्ज्ञ हे सर्व कमीअधिक प्रमाणात सल्लागारच होत. कोकणात या कामाला समुद्र, सडे (जांभ्या खडकाची उघडी पठारे) आणि बोली यांमुळे वेगळे वळण लागले. प्रस्तुत नोंदीत त्याचाच विचार केला आहे.

उगम : भारतातील या प्रथेचा आरंभ कोठे धरावा याबद्दल एकवाक्यता नाही. मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. १९३५ मध्ये बीबीसीतून आलेले लायोनेल फील्डन प्रसारण खात्याचे पहिले नियंत्रक झाले आणि १९३६ मध्ये बीबीसीचेच अभियंते एच. एल. कर्क प्रक्षेपकांच्या आखणीसाठी आले. बाहेरचा जाणकार बोलावण्याची रीत एवढ्यावरून १९३६ पर्यंत मागे नेता येते. मात्र कर्क यांचे काम प्रक्षेपणाचे होते, कार्यक्रमाचे नव्हे. कार्यक्रमापुरते पाहिल्यास १९५६ चा पुण्याचा शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग हा आरंभ मानणे अधिक सयुक्तिक दिसते. युनेस्कोच्या साहाय्याने झालेल्या या प्रयोगात सुमारे १५० गावांत श्रोत्यांची मंडळे बसविली गेली. कॅनडातील शेतकरी मंडळांचा नमुना समोर होता. आठवड्यातून दोनदा, असे वीस कार्यक्रम झाले. मंडळांनी ऐकून चर्चा करावी, शंका केंद्राकडे पाठवाव्यात आणि पुढच्या कार्यक्रमात त्यांना उत्तर मिळावे, अशी योजना होती. मूल्यमापन पॉल न्यूराथ यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसने केले. मंडळ असलेली व नसलेली गावे प्रयोगाच्या आधी आणि नंतर पडताळून पाहिली. श्रोत्याच्या उत्तरावरून पुढचा कार्यक्रम बदलणे हा सल्ल्याचा गाभा येथे प्रथम पद्धतशीरपणे दिसतो. निवडलेले पाचही जिल्हे घाटावरचे होते, किनाऱ्यावरचा एकही नव्हता. त्यामुळे त्या निष्कर्षांवर उभी राहिलेली ग्रामीण कार्यक्रमांची घडी कोकणात जशीच्या तशी बसली नाही, याचे नवल वाटू नये.

प्रसारणक्षेत्र : कोकणासाठी आकाशवाणीचे रत्नागिरी केंद्र सत्तरच्या दशकात उभे राहिले. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी वेगळा झाला. तोवर दक्षिण कोकण रत्नागिरी जिल्ह्यातच मोडत असे. उत्तरेकडे रायगडात मुंबई केंद्राचा, तर सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडे पणजी केंद्राचा शेजार आहे. पणजीवरून कोंकणी व मराठी दोन्ही ऐकू येत असल्याने तेथील श्रोता सहज काटा फिरवतो. आखणी करताना हे विसरून चालत नाही.

रत्नागिरीची मध्यमलहर (मीडियम वेव्ह) ११४३ किलोहर्ट्झची, म्हणजे तरंगलांबी सुमारे २६२ मीटर. अशा लहरी दिवसा भूपृष्ठाला धरून जातात, आणि पृष्ठ जितके विद्युतवाहक तितक्या दूर पोहोचतात. समुद्राच्या पाण्याची वाहकता सुमारे ५ सीमेन्स प्रतिमीटर, तर कोरड्या खडकाळ जमिनीची ०.००१ च्या आसपास असते. म्हणून त्याच प्रक्षेपकाचा आवाज सह्याद्रीच्या पायथ्याशी क्षीण होतो, पण खोल समुद्रातील नौकेवर स्वच्छ मिळतो. एफएमचे उलट आहे, तिच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. समुद्रसपाटीपासून १५० मीटर उंचीवरच्या अँटेनाचे क्षितिज नौकेवरील ४ मीटर उंचीच्या संचासाठी साधारण ६० किलोमीटरवर संपते. जमिनीवर तर सड्याच्या आडोशाला वसलेली वाडी त्याआधीच सावलीत जाते. बहुतेक मोबाइल संचांत रेडिओ असला तर तो एफएमचाच असतो, मध्यमलहर त्यात नसते. यामुळे नौकांसाठीचे निवेदन कोणत्या लहरीवर जाते, हा सल्लागाराचा पहिला प्रश्न असावा लागतो. मजकुराचा विचार त्यानंतर.

वेळ आणि भरती : केंद्राचे वेळापत्रक (‘फिक्स्ड पॉइंट चार्ट’) घड्याळावर चालते, बंदर भरतीवर चालते. भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. सात दिवसांत हा फरक ५ तास ५० मिनिटांच्या घरात जातो, आणि भरती व ओहोटी यांतील अंतर साधारण सव्वासहा तासांचे असते. म्हणजे दर आठवड्याला ठरावीक वारी, ठरावीक वेळी लागणारा कार्यक्रम एका आठवड्यात भरतीवर पडला, तर पुढच्या आठवड्यात जवळजवळ ओहोटीवर पडतो. ज्या खाड्यांच्या मुखाशी गाळ साचून नौका भरतीलाच आत-बाहेर करतात, तेथे खलाशी एका आठवड्यात मोकळा, तर दुसऱ्या आठवड्यात कामात असतो. श्रोत्यांची पाहणी एकाच आठवड्यात केली, तर ‘कोळी बांधव हा कार्यक्रम ऐकत नाहीत’ असा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. पाहणी किमान सलग दोन आठवडे चालावी. उपायही यातूनच सुचतो : तोच भाग पुढच्या आठवड्यात त्याच वेळी पुन्हा लावावा, म्हणजे राहिलेला श्रोता सापडतो. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी-बंदीत माणसे किनाऱ्यावर जाळी विणत बसतात. लांब मुलाखती, श्रुतिका (नभोनाट्ये), प्रशिक्षणमालिका यांना तो काळ योग्य.

आंबा-काजूचे गणित निराळे. मोहोर, तुडतुडे ही कीड आणि भुरी व करपा हे रोग यांवरचा सल्ला फवारणीच्या आधीच्या दिवसांत पोहोचला तरच उपयोगी ठरतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठातील (स्थापना १९७२) शास्त्रज्ञ या कार्यक्रमांचे जुने आधार होत.

भाषा : प्रमाण मराठीत लिहून वाचलेले भाषण आणि बंदरावरचे बोलणे यांत मोठे अंतर आहे. सुरमईला मालवणात इसवण आणि मुशीला मोरी म्हणतात; बाजारभाव सांगताना दोन्ही नावे देणे आवश्यक ठरते. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या सागरी माहिती देणाऱ्या संस्थेच्या मत्स्यक्षेत्र-सूचनांत (मासे कोठे मिळण्याचा संभव आहे याच्या सूचनांत) दिशा, अंतर व खोली दिलेली असते. खोली मीटरमध्ये येते, तांडेल (नौकेचा प्रमुख) मात्र वावात मोजतो. एक वाव म्हणजे सुमारे १.८३ मीटर, ३७ मीटरऐवजी ‘वीस वाव’ म्हटले की सूचना तत्काळ कळते. मालवणी, संगमेश्वरी व आगरी या बोली श्रुतिकांतील विनोदापुरत्या वापरण्याची सवय अनेक ठिकाणी दिसते. ज्या बोलीत माणूस दर्याचा धोका आपल्या मुलाला समजावतो, तिच्यातच इशारा द्यावा, हा आग्रह सल्लागाराने सोडू नये. इशारा बोलीत देताना आकडे मात्र वेधशाळेच्या निवेदनातील जसेच्या तसे ठेवावे लागतात.

आपत्काल : फयान (नोव्हेंबर २००९), निसर्ग (३ जून २०२०) आणि तौक्ते (मे २०२१) या वादळांनी किनाऱ्यावरील प्रसारणाचे महत्त्व दाखवून दिले. निसर्ग वादळात रायगड व उत्तर रत्नागिरीत वीज आणि मोबाइल सेवा कोलमडली. काही गावांत वीज परतायला आठवडे लागले. अशा वेळी सेलवर चालणारा संच उरतो. म्हणून इशाऱ्याच्या संहिता बंदरवार, बोलीवार आधीच लिहून व निवेदकांकडून वाचून घेऊन ठेवाव्यात. वादळाच्या रात्री फक्त वेळ आणि वाऱ्याचा वेग भरायचा राहावा.

सामुदायिक नभोवाणी : डिसेंबर २००२ च्या धोरणाने शैक्षणिक संस्थांना आणि २००६ च्या सुधारणेने स्वयंसेवी संस्था व कृषी विज्ञान केंद्रांनाही परवाने खुले झाले. थोड्या शक्तीच्या या एफएम केंद्रांचा पल्ला साधारण १० ते १५ किलोमीटरचा असतो. एका खाडीच्या दोन्ही तीरांवरील गावांसाठी तो पुरेसा होतो.