वाहिनीविस्फारक औषधे : परिचर्या

रक्तवाहिन्यांच्या भिंतींतील स्नायू सैल करून रक्तदाब उतरवणारी औषधे. अम्लोडिपिन व निफेडिपिन कॅल्शियमचा पेशीत शिरण्याचा मार्ग रोखतात, प्राझोसिन अल्फा ग्राहींना (वाहिन्या आवळण्याचा संदेश घेणाऱ्या पेशींवरील जागांना) अडवते, तर हायड्रॅलाझिन आणि मिनॉक्सिडिल थेट धमन्यांवर काम करतात. खानदेशात ‘बीपीची गोळी’ म्हणून घरोघरी दिसते ती बहुधा अम्लोडिपिन.

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा कधीकधी ४५ अंशांपलीकडे जातो. उष्म्याने त्वचेतील वाहिन्या आधीच फुललेल्या असतात, घामावाटे पाणी आणि मीठ गेलेले असते. त्यात गोळीची भर पडते. गच्चीवर बिबडे (ज्वारीचे पापड) घालायला बसलेली बाई झटकन उठते आणि भोवळ येऊन पडते. घरचे म्हणतात, ऊन लागले. म्हणून परिचारिकेने केवळ बसवून घेतलेल्या मापावर विसंबू नये. रुग्णाला पाच मिनिटे आडवे ठेवून रक्तदाब व नाडी पाहावी, मग उभे करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा पाहावी. वरचा दाब २० किंवा खालचा १० मिमी पारा इतका उतरला, तर डॉक्टरांना कळवावे. जुलाब-उलट्या चालू असतील तर पुढच्या गोळीआधीच विचारावे. गोळी आपल्या मनाने बंद मात्र करू देऊ नये.

प्राझोसिनची पहिली मात्रा विशेष दगा देते : उभे राहताच दाब एकदम उतरतो. ती कमी प्रमाणात, रात्री निजताना देतात. विंचूदंशावर हे औषध रूढ करण्यात महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचा मोठा वाटा आहे. त्या रुग्णालाही मात्रेनंतर आडवेच ठेवावे लागते, लघवीला एकट्याने उठू देत नाहीत.

अम्लोडिपिनने घोट्यांवर येणारी सूज अंगात मीठ साचून येत नाही. त्यामुळे लघवीच्या गोळीने ती फारशी उतरत नाही. मिनॉक्सिडिलचे उलट आहे. त्याने खरोखरच पाणी साचते आणि नाडी धावते, म्हणून सोबत बीटा-रोधक (नाडी मंदावणारे औषध) व मूत्रल (लघवीची गोळी) देतात, आणि रोज सकाळी त्याच काट्यावर वजन घेतात. चेहऱ्यावर लव वाढते हे बायकांना आधीच सांगावे, नाहीतर त्या लाजेपोटी गोळी सोडतात.

सावकाश विरघळणारी गोळी कुटून देऊ नये. निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली टाकण्याची जुनी सवय तर टाळलीच पाहिजे : दाब एकाएकी कोसळून मेंदूचा वा हृदयाचा रक्तपुरवठा तुटू शकतो.

अतिदक्षता विभागात शिरेतून दिल्या जाणाऱ्या नायट्रोप्रुसाइड या वाहिनीविस्फारकाची बाटली प्रकाशापासून झाकलेली असावी.