जावानी प्रयोगकला, सुरिनाममधील

दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम या डच वसाहतीत करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्या जावानी लोकांनी तेथे जोपासलेले वादन, नृत्य व नाट्यप्रकार. 1863 मध्ये गुलामगिरी रद्द झाल्यावर मळ्यांना मजूर अपुरे पडू लागले. 1873 पासून भारतीय, तर 1890 पासून जावानी मजूर आणले गेले. मारियनबर्खच्या ऊसमळ्यासाठी आलेली पहिली जावानी तुकडी 94 जणांची होती. 1939 पर्यंत ही संख्या सुमारे 33,000 झाली. करार पाच वर्षांचा असे आणि काम टाळणे हा फौजदारी गुन्हा ठरे.

गामेलान या वाद्यवृंदाची वाद्ये जावात काशाची असतात. सुरिनाममध्ये मात्र ती लोखंडाची घडवली गेली आणि वृंदही आटोपशीर झाला. या लोखंडी नादाला उणे समजण्याचे कारण नाही. सुरिनामी गामेलानची तीच ओळख ठरली.

सर्वांत लोकप्रिय प्रकार जारान केपांग. बांबू विणून केलेला चपटा घोडा मांड्यांत धरून नर्तक गोल फिरतात. ताल चढत जातो, चाबूक कडाडतो आणि एखाद्याच्या अंगात येते. मग तो गवत वा साळ चावतो, बादलीत तोंड घालून पाणी पितो, दातांनी नारळ सोलतो. त्याला भानावर आणण्याची जबाबदारी गांबुहची, म्हणजे धूप जाळून विधी सांभाळणाऱ्या जाणत्याची. वायांग कुलित या चामडी बाहुल्यांच्या छायानाट्यात दलांग हा सूत्रधार एकटाच सगळ्या पात्रांचे संवाद बोलतो. कथा बहुतांशी महाभारत-रामायणातल्या. पण सेमार, पेत्रुक हे विनोदी सेवक अस्सल जावानी. लुद्रुक या हास्यप्रधान नाटकात स्त्रीभूमिका पुरुषच करीत.

मळेवाल्यांनी औदार्याने या कलांना वाव दिला असे कोणी म्हटले, तर ते गोडवे जरा जपूनच गावेत. सुमात्रातील देली भागात, जिथे तंबाखूच्या मळ्यांवर असेच जावानी मजूर राबत, पगाराच्या दिवशी नाच, वायांग आणि जुगार एकत्रच भरवले जात. हातचा पैसा संपला की मजूर उचल घेई आणि पुन्हा करारावर अंगठा उठवी.

1975 च्या सुमारास, सुरिनाम स्वतंत्र होताना, अनेक जावानी कुटुंबे नेदरलँड्सला गेली. जारान केपांगचे प्रयोग सुरिनाममध्ये आजही होतात.