यंत्र घेण्यापूर्वी: आमच्या व्यवहाराच्या पद्धतीविषयी, आणि ती ज्यांच्याकडून शिकलो त्यांच्याविषयी

सप्रेम नमस्कार.

शेवयांचे, पापडाचे, मिरची कांडपाचे किंवा द्रोण-पत्रावळींचे यंत्र पाहण्यासाठी आमच्याकडे येणाऱ्या भगिनींना एक गोष्ट बहुधा खटकते. त्या किंमत विचारतात आणि आम्ही उलट त्यांनाच विचारू लागतो: गावचा बाजार कोणत्या वारी भरतो, तयार माल कोण घेणार, वीजजोडणी किती भाराची आहे, आणि हप्ता नेमका कोणाच्या कमाईतून जाणार. काहींना ही नसती चौकशी वाटते, तर काहींना उधारी नाकारण्याची पूर्वतयारी. आमचा हेतू यांपैकी कोणताही नाही, आणि तो काय आहे हे नीट सांगावे यासाठी हे पत्रक काढले आहे.

ही पद्धत आम्ही शोधून काढलेली नाही. सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात, म्हसवड येथे, चेतना गाला सिन्हा यांनी गेल्या तीन दशकांत जे काम उभे केले ते पाहून, ऐकून आणि त्यांच्या माणदेशी संस्थेत शिकलेल्या आमच्याच ग्राहक भगिनींकडून समजून घेऊन आम्ही ती उचलली. त्यांच्या संस्थेशी आमचा कोणताही करार नाही, आणि हे पत्रक त्यांच्या वतीने काढलेले नाही. ज्यांच्याकडून शिकलो त्यांचे ऋण ग्राहकांसमोर नाव घेऊन मान्य करावे, एवढीच आमची इच्छा आहे.

चेतनाताई मूळच्या मुंबईच्या. जयप्रकाश नारायण यांच्या आंदोलनातून त्या सार्वजनिक कामात आल्या, आणि विजय सिन्हा यांच्याशी विवाह झाल्यावर म्हसवडला स्थायिक झाल्या. माणदेश हा पर्जन्यछायेचा प्रदेश, त्यामुळे शेतीच्या भरवशावर वर्ष निघत नाही. मेंढरे, गुरे, मजुरी आणि आठवडी बाजारातील लहानसहान विक्री यांवर इथली घरे चालतात. अशा ठिकाणी कांताबाई नावाच्या, रस्त्याच्या कडेला लोहारकाम करून तिथेच कुटुंबासह राहणाऱ्या एक बाई त्यांच्याकडे आल्या. पावसाळ्यापूर्वी डोक्यावर आडोसा म्हणून प्लास्टिकचा कागद घ्यावा यासाठी त्यांना थोडे थोडे पैसे साठवायचे होते, पण एवढ्या लहान रकमेसाठी बँक खाते उघडून देत नव्हती. त्या कर्ज मागत नव्हत्या, स्वतःचेच पैसे ठेवू पाहत होत्या, हे लक्षात घेतले की त्या नकाराचे वजन कळते. ही हकिकत चेतनाताईंनी अनेक व्यासपीठांवरून सांगितली आहे.

त्यातून बायकांचीच बँक काढण्याचा विचार पुढे आला. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला, कारण प्रवर्तक सभासदांपैकी अनेक जणी निरक्षर होत्या आणि अर्जावर त्यांचे अंगठे होते. चेतनाताई निराश होऊन परतल्या, पण बायकांनी लिहायला-वाचायला शिकण्याचे ठरवले, काही महिने वर्ग चालवले, आणि पुढच्या वेळी त्या स्वतःच अधिकाऱ्यांसमोर उभ्या राहिल्या. आम्हाला कोणत्याही मुद्दलावरचे व्याज गणकयंत्राविना काढायला सांगा, असे त्या म्हणाल्या, आणि तुमच्या अधिकाऱ्यांनाही तसेच काढायला सांगा, असेही सुनावले. 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँकेला परवाना मिळाला. आमच्या मते या प्रसंगात मार्गदर्शकाचे मोठेपण असे की चेतनाताईंनी त्या बायकांच्या वतीने बोलण्याऐवजी त्यांना बोलू दिले, आणि ज्यांना अडाणी समजले जात होते त्यांचा तोंडी हिशेब हीच त्यांची पात्रता ठरली.

आम्ही हप्त्याचा हिशेब ग्राहकासमोर कागदावर मांडतो, तो याच कारणाने. समजा, यंत्र 60,000 रुपयांचे आहे, मुदत एक वर्षाची आहे आणि व्याज शेकडा 12 आहे; हिशेब सोपा जावा म्हणून हप्ता इथे महिन्याचा धरू. कोणी सरसकट मूळ रकमेवर वर्षभराचे व्याज लावले, तर ते 7,200 रुपये होते. परंतु आपण दरमहा 5,000 रुपये मुद्दल फेडत असू आणि व्याज फक्त उरलेल्या रकमेवर लागत असेल, तर पहिल्या महिन्यात 600, दुसऱ्यात 550, असे दरमहा 50 रुपयांनी उतरत शेवटच्या महिन्यात 50 रुपये व्याज पडते, आणि सगळ्यांची बेरीज 3,900 रुपये भरते. दर दोन्हीकडे शेकडा 12 च म्हणून सांगितला जातो. फरक मात्र 3,300 रुपयांचा आहे. आम्ही दुसऱ्या पद्धतीने व्याज लावतो. आपण कर्ज आमच्याकडून न घेता बँकेतून किंवा पतसंस्थेतून घेणार असाल, तरीही व्याज घटत्या शिल्लकीवर आहे का, हा प्रश्न तिथे अवश्य विचारावा.

प्रत्यक्षात आमचा हप्ता आठवड्याचा का आणि तो घ्यायला आमचा माणूस आपल्या दाराशी का येतो, याचेही उत्तर म्हसवडमध्येच आहे. बँक सुरू झाल्यावर बायका म्हणाल्या की बँकेत यायचे तर दिवसाची मजुरी बुडते. त्यावर त्यांना बचतीचे महत्त्व समजावत बसण्याऐवजी बँकच त्यांच्या दारी आणि बाजारात जाऊ लागली. पुढे पासबुकाचा प्रश्न निघाला. पासबुक घरात ठेवले की नवऱ्याच्या हाती लागते आणि साठवलेले पैसे मागितले जातात, ही अडचण बायकांनी मांडली. गुप्त क्रमांकाचा पर्याय सुचवला गेला, तेव्हा क्रमांक कोणीही काढून घेईल, अंगठा कोणाला चोरता येणार नाही, असे त्यांनीच सांगितले, आणि त्यांचे ते म्हणणे मानले गेले. ज्या अंगठ्यामुळे परवाना अडला, तोच पुढे पैशांची राखण करू लागला. आम्ही यंत्राची पावती आणि हमीपत्र जी भगिनी ते चालवणार तिच्याच नावाने करतो, आणि घरातील दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावरून ते नाव बदलत नाही, याचा कोणी राग मानू नये.

2006 मध्ये माणदेशीने ग्रामीण महिलांसाठी उद्योगाची शाळा सुरू केली, पुढे बसगाडीत वर्ग भरवून ती गावोगावी नेली. ज्यांचा धंदा आधीच चालू आहे अशा महिलांसाठीचा त्यांचा अभ्यासक्रम ‘देशी एमबीए’ या नावाने ओळखला जातो. 2008 पासून म्हसवडहून माणदेशी तरंग हे सामुदायिक रेडिओ केंद्रही चालते. जानेवारी 2018 मध्ये दावोसच्या जागतिक आर्थिक मंचाच्या बैठकीत ज्या सात महिला सहअध्यक्ष होत्या, त्यांत चेतनाताई होत्या. आम्हाला या सन्मानापेक्षा ती बसगाडी अधिक मोलाची वाटते, कारण धंदा सुरू करणाऱ्या बाईला भांडवलाइतकीच, सुरू झाल्यावर दर महिन्याला चार प्रश्न विचारणाऱ्या माणसाची गरज असते.

हे आम्हाला उशिरा कळले. सुरुवातीच्या काळात आम्ही एका भगिनीला काहीही न विचारता मिरची कांडपाचे यंत्र विकले. तिच्या गावात तशी आणखी तीन यंत्रे होती आणि कांडपाचा हंगाम तर उन्हाळ्यापुरताच असतो, त्यामुळे पहिले वर्षही न भरता ते झाकून ठेवावे लागले. आम्ही ते परत घेऊन शेवयांचे यंत्र दिले, पण तिची गेलेली कमाई भरून देता आली नाही. त्यानंतर आम्ही विचारल्याशिवाय विकत नाही.

आणखी एक गोष्ट सांगितल्याविना राहवत नाही. 2012-13 च्या दुष्काळात चारा विकत घेता यावा म्हणून एक बाई दागिने गहाण ठेवायला बँकेत आली. सोने तारण घेऊन कर्ज देणे हा बँकेचा नेहमीचा व्यवहार, आणि तो करून विषय मिटवता आला असता. पण गावात चाराच नसेल तर पैसे देऊन काय होणार, हे ओळखून माणदेशीने म्हसवडला गुरांची छावणी उघडली आणि ती वर्षाहून अधिक काळ चालवली. ग्राहक अडचणीत असेल तेव्हा तिचे गाव अडचणीत आहे का, हे पाहावे लागते, एवढे आम्ही त्यातून घेतले. म्हणून शासनाने ज्या तालुक्यात दुष्काळ जाहीर केला असेल, तेथील ग्राहकांचे मुद्दलाचे हप्ते आम्ही त्या काळापुरते थांबवतो, आणि थांबलेल्या दिवसांचा दंड लावत नाही.

आपण यंत्र पाहायला येताना मागच्या चार आठवड्यांचा घरखर्च आणि विक्री ज्या वहीत असेल ती वही, वही नसल्यास तोंडी हिशेब, आणि शेवटचे वीजबिल सोबत आणावे. दोन किलो पीठ किंवा मिरची आणल्यास आपल्याच मालावर यंत्र चालवून दाखवू. त्या दिवशी आगाऊ रक्कम घेतली जात नाही.