दगडी रस्त्यांवरची सुट्टी: एप्रिलमधल्या सायकल टूरमागची गोष्ट

युरोप ट्रिप म्हटलं की आपल्याकडे पॅरिस, स्वित्झर्लंड, फार तर अ‍ॅमस्टरडॅमची ट्युलिप्स. पण दरवर्षी एप्रिलमध्ये काही लोक चांगले घसघशीत पैसे भरून बेल्जियम आणि उत्तर फ्रान्सच्या शेतांमधल्या उखडलेल्या दगडी रस्त्यांवर आठवडाभर सायकल हाणायला जातात, तेही गार वाऱ्यात आणि नशीब फुटकं असेल तर चिखलात. मुक्काम गेंट नाहीतर आउडेनार्देला, सोबत गाईड, मागून सामानाची व्हॅन. शनिवारी टूर ऑफ फ्लँडर्स या बेल्जियममधल्या मोठ्या सायकल रेसच्याच रस्त्यांवर हौशी लोकांची राइड, रविवारी त्यातल्याच एखाद्या चढाच्या कडेला उभं राहून खरी रेस बघायची, मधले दिवस आसपास फिरायचं आणि पुढच्या वीकेंडला हाच कार्यक्रम पॅरिस-रूबे या फ्रान्समधल्या रेसला. यात बघण्यासारखं म्हणजे मुख्यतः रस्ता, आणि तोही असा की गावकऱ्यांना एकेकाळी त्याची लाज वाटायची.

मुळात या रेस कुणी खेळाच्या प्रेमापोटी सुरू केल्या असं समजू नका, सगळा धंदा होता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सायकल ही नवी भारी वस्तू होती आणि पेपरवाल्यांना खप वाढवायला रोज काहीतरी सनसनाटी हवं होतं. मग ठरवायची एक अशक्य वाटणारी लांबलचक रेस, आठवडाभर आधी तिच्याबद्दल छापायचं आणि नंतर आठवडाभर तिच्यावरच पानं भरायची. १८९१ ची पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस अशीच एका पेपरने काढलेली (पुण्या-मुंबईत बीआरएम, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइड, करणारी मंडळी आज जिच्यासाठी क्वालिफाय व्हायला धडपडतात तीच ही, आता ती रेस न राहता ठरावीक वेळेत पूर्ण करायची १२०० किमीची राइड झालीय). पुढच्याच वर्षी, १८९२ मध्ये, बेल्जियममधली लिएज-बास्तोन्य-लिएज. बास्तोन्य का, तर रेसवर नजर ठेवणाऱ्या लोकांना तिथपर्यंत ट्रेनने जाता येत होतं, बास. आज तिच्या वाटेवरच्या आर्देनच्या टेकड्यांचं एवढं कौतुक चालतं, पण रूट ठरला तो रेल्वेच्या टाइमटेबलवर.

पॅरिस-रूबेची गोष्ट त्याहून रंगतदार आहे. रूबे म्हणजे कापड गिरण्यांचं शहर. तिथल्या तेओदोर व्हिएन आणि मोरिस पेरेझ या दोन गिरणीवाल्यांनी १८९५ मध्ये एक वेलोड्रोम, म्हणजे सायकल रेसचा ट्रॅक, बांधला आणि आता त्याची जाहिरात करायची तर पॅरिसहून थेट आपल्या ट्रॅकवर संपणारी रेस काढू असं ठरवलं. 'ल वेलो' या पेपरने हात दिला आणि रूट बघायला आपला बातमीदार व्हिक्टर ब्रेयेरला पाठवलं. तो वाटेतल्या आमियां शहरापर्यंत मोटारीने आरामात गेला, पुढे सायकलवर निघाला आणि पाऊस, गारठा, दगड आणि चिखलाने त्याचा पार चोथा झाला. सांगतात की रूबेला पोचताना त्याने मनाशी पक्कं केलं होतं, लगेच तार करायची, हा वेडेपणा रद्द करा म्हणून. पण आधी अंघोळ झाली, मग गरमागरम जेवण झालं, आणि रात्रीपर्यंत हाच माणूस म्हणायला लागला की रूट झकास आहे! माझ्या मते आजची सगळी गाईडेड टूर या एका संध्याकाळीत आहे. दिवसभर शिव्या घालायच्या, संध्याकाळी हॉटेलात गरम शॉवर, पोटभर जेवण आणि बेल्जियन बिअर झाली की सकाळी पुन्हा सायकलवर.

तर १९ एप्रिल १८९६ ला पहिली रेस झाली, अंतर साधारण २८० किमी, पहिलं बक्षीस १००० फ्रँक, जिंकला जर्मनीचा योसेफ फिशर. तिसरा आलेला मोरिस गारां, हाच पुढे १९०३ ची पहिली टूर द फ्रान्स जिंकला.

'उत्तरेचा नरक' हे तिचं टोपणनाव दगडांमुळे पडलं असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाहीये. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, रेस पुन्हा सुरू करायची म्हणून आयोजक आणि पत्रकार रूट शिल्लक तरी आहे का ते बघायला निघाले आणि जसजसे उत्तरेकडे गेले तसतशी झाडं नाहीत, गावं नाहीत, नुसते तोफगोळ्यांचे खड्डे, चिखल आणि सडक्या जनावरांचा वास. त्या वर्णनातून नरक हा शब्द आला आणि चिकटला. आता तो टी-शर्टवर छापून विकतात, चालायचंच.

खरी उलथापालथ झाली दुसऱ्या महायुद्धानंतर. सुबत्ता आली, डांबर आलं, टीव्हीही आला. टीव्हीवर आपलं गाव मागासलेलं दिसेल म्हणून महापौर मंडळी धडाधड दगडी रस्त्यांवर डांबर ओतायला लागली. रेस निघणार म्हणून रस्ता गुळगुळीत करायचा, हे वाचून आपल्याला अगदी घरचं वाटेल, मंत्र्याच्या दौऱ्याआधी होतं तसंच. फक्त इथे आयोजकांच्या पोटात गोळा आला. १९६७ ला घोळक्याची स्प्रिंट होऊन रेस संपली, याला कसली पॅरिस-रूबे म्हणायची? मग रेसचे आयोजक जाक गोदे यांनी आपले सहकारी अल्बेर बूव्हे यांना खराब रस्ते शोधायच्या कामाला लावलं. बूव्हेंनी विचारलं जाँ स्ताब्लिन्स्कीला, जो १९६२ चा वर्ल्ड चॅम्पियन तर होताच, पण तरुणपणी त्याच भागातल्या कोळशाच्या खाणीत राबलेला. त्याने दाखवला आरेनबर्गच्या जंगलातला सरळसोट रस्ता, लांबी साधारण २४०० मीटर, आणि खाली तीच खाण जिच्यात तो काम करायचा. १९६८ पासून तो रेसमध्ये आला. आज रूबेच्या टूरवर या तुकड्यासाठी लोक आधी थांबून टायरमधली हवा कमी करतात, हँडलबारवर टेपचा डबल थर तर घरूनच लावून आलेले असतात, आणि तरी जंगलाबाहेर निघाल्यावर हाताची बोटं सरळ होत नाहीत.

आणि १९८३ पासून तर एक संघटनाच आहे, 'पॅरिस-रूबेचे मित्र' म्हणून, जिचं काम उरलेले दगडी रस्ते वाचवायचे. बागकाम शिकवणाऱ्या शाळेतली पोरं त्यांच्यासोबत एकेक दगड परत बसवतात. आरेनबर्गमधलं गवत खायला शेळ्यासुद्धा सोडून झाल्यात.

फ्लँडर्सचा, म्हणजे बेल्जियमच्या डच बोलणाऱ्या उत्तर भागाचा, मामला वेगळा, तिथे भाषेची अस्मिता आहे. बेल्जियममध्ये तेव्हा फ्रेंच बोलणाऱ्यांचा वरचष्मा, डच बोलणारा फ्लेमिश माणूस म्हणजे शेतमजूर नाहीतर गिरणीकामगार. कारेल व्हान वेइनेन्डाले या गरीब घरातून वर आलेल्या पत्रकाराने 'स्पोर्टवेरेल्ड' या डच पेपरतर्फे १९१३ मध्ये फक्त फ्लँडर्समध्ये फिरणारी रेस काढली. स्टार्टला जेमतेम ३७ जण. आज कडेला जो पिवळ्या-काळ्या सिंहाच्या झेंड्यांचा समुद्र दिसतो त्याचं मूळ इथे आहे. तिथले चढ आपल्या घाटांपुढे अगदीच बुटके, काही तर अर्धा किलोमीटरचे, पण कॉप्पेनबर्ग २२ टक्क्यांपर्यंत जातो आणि ओल्या दगडावर मागचं चाक जागच्या जागी फिरतं. १९७६ मध्ये हा चढ रेसमध्ये पहिल्यांदा आला तेव्हा एडी मेर्क्ससारख्या दिग्गज सायकलपटूलासुद्धा उतरून चालावं लागलं. १९८७ ला तर आघाडीवर असलेला येस्पर स्किबी तिथे पडला आणि आयोजकांची गाडी त्याच्या सायकलवरून निघून गेली, मग २००२ पर्यंत कॉप्पेनबर्ग बाद. त्यामुळे शनिवारच्या राइडमध्ये तिथे ट्रॅफिक जॅम होऊन सायकल ढकलत वर जायची वेळ आली तर मन खट्टू करायचं कारण नाही.

२०१२ ला फिनिश आउडेनार्देला हलवली, क्वारेमाँत आणि पाटरबर्ग या चढांना फेऱ्या मारायच्या असं ठरलं आणि गेराड्सबर्गेन गावातली प्रसिद्ध चढण, म्यूर, वगळली. कारण उघड आहे, एकाच ठिकाणाहून रेस तीनदा जाते म्हटल्यावर तंबू ठोकून तिकिटं विकता येतात. गेराड्सबर्गेनवाल्यांनी चक्क अंत्ययात्रा काढून निषेध केला, आणि २०१७ ला म्यूर परत आली. पण टूरवाल्यांची या नव्या रचनेने सोयच झाली हे मान्य करावं लागेल, एका जागी बसून दिवस वसूल.

सायकलवरची सहल ही कल्पना तशी जुनी, ब्रिटिशांचा सायकल टूरिंग क्लब १८७८ चा. पण रेसच्याच रस्त्यावर हौशी लोकांनी नंबर लावून धावायचं हे मोठ्या प्रमाणात रुजलं १९९३ च्या एटाप द्यू टूरपासून, म्हणजे टूर द फ्रान्सच्या एका टप्प्यावरच्या हौशी राइडपासून, आणि फ्लँडर्स-रूबेसारख्या एकदिवसीय रेसवालेही आदल्या दिवशी अशी राइड ठेवतात. फ्लँडर्सला हजारो लोक येतात, बायका-पुरुष सगळे.

यात एक विचित्र प्रकार बरीच वर्षं चालला. शनिवारी रूबेच्या दगडांवर कुठलीही बाई फी भरून सायकल चालवू शकत होती, पण रविवारी रेस फक्त पुरुषांची. महिलांची पहिली पॅरिस-रूबे झाली २ ऑक्टोबर २०२१ ला, कोविडमुळे एप्रिलऐवजी ऑक्टोबरात, आणि ब्रिटनची लिझी डाइग्नन ८० किमीच्या आसपास एकटी पुढे राहून जिंकली, हँडलबारला तिच्या हाताचं रक्त लागलेलं. बक्षीस मिळालं १५३५ युरो, दुसऱ्या दिवशी पुरुषांच्या विजेत्याला ३०,०००. आठवडाभराचं बऱ्यापैकी गाईडेड पॅकेज घ्यायचं तर १५३५ युरोत भागणं कठीण.