विद्यापीठीय विस्तारकार्य

विद्यापीठातले ज्ञान वर्गाबाहेरच्या लोकांपर्यंत नेणे आणि लोकांचे प्रश्न विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत आणणे, या दुहेरी व्यवहाराला विस्तारकार्य म्हणतात. अध्यापन व संशोधन यांच्या जोडीने ते विद्यापीठाचे तिसरे अंग मानले जाते. सार्वजनिक व्याख्याने, प्रौढांचे वर्ग, शेतीविषयक सल्ला, सेवाशिबिरे, संशोधनाच्या बातम्या हे सारे त्यात मोडते. पुष्कळ ठिकाणी यातले नेण्याचे कामच तेवढे होते, आणण्याचे राहून जाते. पण विस्तारकार्य जिथे खरोखर रुजले, तिथे प्रश्न बहुधा लोकांनीच विचारलेला आढळतो.

या कार्याची पद्धत घडवण्यात केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजचे फेलो जेम्स स्टुअर्ट यांचा मोठा वाटा आहे. १८६७ मध्ये त्यांनी उत्तर इंग्लंडमधल्या लीड्स, लिव्हरपूल, मँचेस्टर आणि शेफील्ड या शहरांत स्त्रियांसाठी खगोलशास्त्राची व्याख्यानमाला घेतली. केंब्रिज तेव्हा स्त्रियांना पदवी देत नव्हते. तरुण अध्यापकाने तरुणींशी तोंडी प्रश्नोत्तरे करणेही शिष्टसंमत नव्हते. म्हणून स्टुअर्ट प्रश्न छापून देत आणि लेखी उत्तरे तपासून परत करत. पुढे रॉचडेल येथे सहकारी संस्थेच्या सभासदांपुढे बोलताना त्यांनी एकदा भिंतीवरच्या आकृत्या पुढच्या व्याख्यानापर्यंत तशाच राहू दिल्या. मधल्या दिवसांत सभासद त्या आकृत्यांपाशी जमून चर्चा करत, आणि त्यांच्याकडे विचारण्यासारखे बरेच साचले. त्यातून व्याख्यानाला जोडून चर्चावर्ग घेण्याची प्रथा पडली. केंब्रिजने १८७३ मध्ये हे काम अधिकृतपणे हाती घेतले. पहिले वर्ग नॉटिंगहॅम, डर्बी आणि लेस्टर येथे भरले. १८७८ मध्ये ऑक्सफर्डनेही तोच मार्ग धरला. नॉटिंगहॅम आणि रेडिंग येथील आजच्या विद्यापीठांची मुळे याच वर्गांत आहेत.

अमेरिकेत विस्तारकार्य वाढले ते शेतीच्या आधाराने. १८६२ च्या मॉरिल कायद्याने राज्यांना कृषी व यंत्रविद्येच्या महाविद्यालयांसाठी जमीन मिळाली, १८८७ च्या हॅच कायद्याने प्रयोगकेंद्रे उभी राहिली आणि १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने गावोगाव सल्ला देणारी यंत्रणा आली. विस्कॉन्सिन विद्यापीठातले स्टीफन बॅबकॉक यांचे काम मात्र अशा कायद्यांच्या यादीपेक्षा जास्त बोलके आहे. दुधाचा भाव मापावर ठरत असल्याने चोख दूध घालणारा आणि पाणी मिसळणारा यांना सारखेच पैसे मिळत. बॅबकॉक यांनी १८९० मध्ये दुधातला स्निग्धांश मोजण्याची सोपी चाचणी काढली. अरुंद मानेच्या बाटलीत १७.६ मिलिलिटर दूध घ्यायचे, जवळपास तेवढेच सल्फ्युरिक आम्ल ओतायचे, बाटली चक्रात फिरवायची आणि वर गरम पाणी घालायचे. स्निग्धांश मानेत चढतो आणि तिथल्या खुणांवर त्याची टक्केवारी थेट वाचता येते. दूधसंकलन करणाऱ्या साध्या माणसालाही हे जमे. बॅबकॉक यांनी तिचे पेटंट घेतले नाही, हे आवर्जून सांगायला हवे.

अर्जेंटिनातल्या कोर्दोबा येथे १९१८ साली झालेल्या विद्यार्थी आंदोलनानंतर लॅटिन अमेरिकेत विस्तारकार्याला राजकीय व सामाजिक आशय मिळाला. भारतात १९६९ मध्ये ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. नेदरलँड्समध्ये १९७० च्या दशकात ‘विज्ञान दुकाने’ निघाली: नागरिकांच्या संघटनांनी प्रश्न आणायचा आणि विद्यार्थ्यांनी अध्यापकांच्या देखरेखीखाली त्यावर संशोधन करायचे.

संशोधनाच्या बातम्या हा यातला सर्वांत निसरडा भाग. ब्रिटनमधल्या २० विद्यापीठांनी २०११ मध्ये आरोग्य व जीवशास्त्राविषयी काढलेली ४६२ प्रसिद्धिपत्रके संशोधकांनी मूळ शोधनिबंधांशी ताडून पाहिली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ४० टक्के पत्रकांत वाचकांना दिलेला सल्ला मूळ निबंधापेक्षा वाढवून मांडलेला आढळला. पत्रकात अतिशयोक्ती असेल तर वर्तमानपत्रातही ती उतरण्याची शक्यता बरीच जास्त होती. म्हणजे बातमी फुगते ती पुष्कळदा विद्यापीठाच्याच दारात, आणि तिथेच ती आवरताही येते.

बातमी लोकांच्या हातून घडली तर काय होते, हे अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात दिसले. २०१४ च्या एप्रिलमध्ये तिथल्या पाण्याचा स्रोत बदलला आणि रहिवाशांच्या तक्रारी सुरू झाल्या. एका आईने पाठपुरावा केल्यावर व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या चमूने २०१५ मध्ये घरोघरी ३०० संच पाठवले. प्रत्येक संचात तीन बाटल्या होत्या. किमान सहा तास नळ बंद ठेवायचा, पहिली धार एका बाटलीत घ्यायची, ४५ सेकंद पाणी वाहू देऊन दुसरी आणि दोन मिनिटांनी तिसरी भरायची. शिसे या विषारी धातूचे प्रमाण या क्रमाने मोजले की ते कुठल्या टप्प्यावर पाण्यात येते याचा अंदाज लागतो. बाटल्या भरणारे स्वतः रहिवासी होते, आणि बहुतेक संच भरून परत आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शहराला पुन्हा जुन्या स्रोताचे पाणी मिळू लागले.