ट्रॅव्हल ट्रेलरची पारख: सांधे, स्क्रू आणि ओल

अमेरिकेत मोटारीमागे जोडून ओढल्या जाणाऱ्या फिरत्या घरांपैकी, म्हणजेच ट्रॅव्हल ट्रेलरपैकी, बहुतेक इंडियाना राज्यातील एल्कहार्ट आणि त्याच्या आसपासच्या कारखान्यांत तयार होतात. विक्रेत्याच्या आवारात डझनावारी नावे दिसतात. त्यांतील बरीचशी थॉर, फॉरेस्ट रिव्हर आणि विनेबागो या तीन उद्योगसमूहांची असतात. चॅसी, ॲक्सल, खिडक्या आणि शेगड्या अनेकदा त्याच मोजक्या पुरवठादारांकडून येतात. त्यामुळे केवळ नावावरून बांधणीचा दर्जा फारसा कळत नाही. तो कळतो दोन भाग जिथे जोडले जातात तिथे.

साडेसात मीटर लांबीचा ट्रेलर घेऊ. हिवाळ्यातली रात्र आणि उन्हाळ्यातली दुपार यांच्या तापमानात ६० अंश सेल्सिअसचा फरक पडला, तर त्याचा ॲल्युमिनियमचा पत्रा सुमारे १० मिलिमीटर लांबतो, पोलाद साडेपाच मिलिमीटरच्या आसपास, तर तंतूंच्या दिशेने कापलेले लाकूड जेमतेम दोन मिलिमीटर. हे तिन्ही पदार्थ स्क्रूने एकमेकांना जखडलेले असतात आणि त्यांच्या हालचालीतला फरक सांध्यात भरलेल्या सीलंटला सोसावा लागतो. अतिनील किरणांनी ते कडक होते, त्याला बारीक तडे जातात आणि केशाकर्षणाने पाणी आत शिरते. पावसात ताशी १०० किलोमीटर वेगाने ट्रेलर ओढला, तर समोरच्या भिंतीवर हवेचा जो दाब पडतो तो पावणेपाच सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाएवढा असतो. म्हणजे उभ्या ट्रेलरला कधीच न गळणारी फट धावताना गळू शकते, आणि विक्रेत्याच्या आवारात पाण्याची नळी मारून घेतलेली परीक्षा त्यामुळे अपुरी ठरते.

आत गेलेल्या पाण्याचे पुढे काय होते, हे भिंतीच्या रचनेवर अवलंबून असते. स्वस्त ट्रेलरमध्ये लाकडी पट्ट्यांची चौकट, मध्ये काचतंतूंची चादर आणि बाहेर नागमोडी पत्रा असतो. अधिक किमतीच्या ट्रेलरमध्ये ॲल्युमिनियमच्या नळ्यांची चौकट, फोम, लुआन नावाचे पातळ प्लायवूड आणि फायबरग्लासचा पापुद्रा हे सारे दाबाखाली चिकटवून एकसंध भिंत केली जाते. दुसरा प्रकार दिसायला निश्चितच देखणा आहे, परंतु त्यालाच आपोआप श्रेष्ठ मानणे मला पटत नाही. पत्र्यामागचे लाकूड गुपचूप कुजत राहते हे खरे, मात्र पत्रा काढून त्या पट्ट्या बदलता येतात. चिकटवलेल्या भिंतीतील लुआन भिजले की थर सुटतात, बाहेर फुगवटे येतात आणि अनेकदा अख्खी भिंतच बदलावी लागते. काही उत्पादक आता लुआनऐवजी न कुजणारा ॲझडेल हा संमिश्र पदार्थ वापरतात; पाणी आत येणे त्याने थांबत नाही, पण नुकसान कमी होते. स्कॅम्पसारख्या कंपन्या फायबरग्लासचे दोन साचेबद्ध अर्धे भाग जोडून कवच बनवतात. त्यात मुळात सांधेच कमी असतात, आणि छोट्या ट्रेलरमध्ये मला तीच रचना सर्वांत समंजस वाटते.

पाहणीची सुरुवात बाहेरून करावी. सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन तिरपे असताना, भिंतीला जवळजवळ गाल लावून लांबीच्या दिशेने पाहिले की समोरून न दिसणारे फुगवटे दिसतात. छताच्या कडा, हवेच्या झडपा आणि शिडीचे स्क्रू यांभोवतीचे सीलंट अखंड आहे का, ते पाहावे. एकाच जागी ताजा लेप असेल तर त्याचे कारण विचारावे. आत दार, शौचकूप आणि कोपरे यांजवळ पायाने दाब देऊन जमीन दबते का, हे तपासावे. मात्र डाग दिसतो तिथेच गळती असते असे नाही. स्लॅबच्या घरात राहिलेल्या कोणालाही ठाऊक असते की पाणी एकीकडे मुरते आणि भलतीकडे उमटते. म्हणून मॉइश्चर मीटर जवळ ठेवावा. ओल्या लाकडाचा विद्युत रोध कमी होतो, या तत्त्वावर त्याचा दोन सुयांचा प्रकार चालतो. लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या खाली असेल तर कूज सहसा धरत नाही; तो ३० टक्क्यांच्या जवळ गेला की बुरशीला हवी तशी परिस्थिती मिळते. एका आकड्यापेक्षा त्याच भिंतीवरील दोन जागांमधला फरक अधिक बोलका असतो.

कपाटांचे खण पूर्ण बाहेर काढावेत आणि सिंकखाली टॉर्च मारावा. तिथे नुसत्या स्टेपल पिना, लाकडाला न धरलेले स्क्रू आणि न झाडलेला भुसा दिसला, तर न दिसणाऱ्या जागी काय असेल याचा अंदाज येतो. दाराजवळचे आरव्ही इंडस्ट्री असोसिएशनचे, म्हणजे अशा फिरत्या घरांच्या उत्पादकांच्या संघटनेचे, चिन्ह गॅस, वीज, नळजोडणी आणि अग्निसुरक्षेच्या नियमांशी संबंधित आहे. सुतारकामाची हमी ते देत नाही. सामानाच्या वजनाची मर्यादा सांगणारी चिठ्ठीही वाचावी, कारण पाण्याची १५० लिटरची टाकी भरली की त्यातले १५० किलो तिथेच संपतात. टायरवरील चार आकड्यांत निर्मितीचा आठवडा आणि वर्ष असते: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा.

नव्या ट्रेलरची अडचण अशी की त्याचे सांधे अजून एकही हिवाळा हललेले नसतात. त्यामुळे मनात भरलेले मॉडेल नवे घेण्याआधी त्याच मॉडेलचा तीन-चार वर्षे वापरलेला नमुना शोधून वरील सर्व तपासण्या त्याच्यावर कराव्यात, आणि शक्य झाल्यास ही पाहणी मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी ठेवावी.