खाण्याजोगी वेष्टनं: तेल आधी पाण्यासाठी आलं, मग जंतूंसाठी

फळाच्या गराचा किंवा दुधातल्या प्रथिनाचा पातळ पापुद्रा, त्यात दालचिनीचं किंवा ओरेगॅनोचं तेल, आणि आतल्या पदार्थासकट तो खाऊन टाकायचा. ऐकायला हे कालपरवाचं वाटतं. पण पापुद्रा जुना आहे आणि तेलही जुनंच आहे. त्या दोघांची गाठ पडायला मात्र विसावं शतक सरत आलं.

आधी पापुद्र्याचं बघू. चीनमध्ये बाराव्या-तेराव्या शतकात संत्र्या-लिंबांवर मेण चढवत. त्यामुळे फळ सुकायचं कमी, पण थर जाड बसला की त्याचा श्वास कोंडायचा. तोडलेलं फळ जिवंतच असतं. ऑक्सिजन मिळेनासा झाला की ते आतून आंबायला लागतं. पाणी अडवायचं, हवा अडवायची नाही, हा पेच तेव्हापासूनचा आहे आणि आजही पुरता सुटलेला नाही. इंग्लंडमध्ये सोळाव्या शतकात मांसावर चरबी थापत, तो त्यातलाच प्रकार. जपानची युबा मात्र वेगळी. सोयाबीनचं दूध तापवलं की दुधावर धरते तशी साय धरते. ती अलगद उचलून वाळवायची. मेणाचा थर फळावरच जन्मतो, युबा मात्र सुटी हातात येते. थर आणि फिल्म यांतला फरक एवढाच, पण अभ्यासक तो काटेकोरपणे पाळतात.

पुढचा प्रवास भराभर झाला. १८६९ मध्ये अमेरिकेत मांसावर जिलेटिनचा लेप देण्याचं पेटंट निघालं. १९३०च्या दशकात लिंबूवर्गीय फळांवर वितळवलेलं पॅराफिन आलं आणि १९५०च्या दशकात कार्नोबा या ताडजातीच्या झाडाचं मेण पाण्यात घोटून फळांवर फवारू लागले. स्निग्ध पदार्थाकडून या सगळ्यात एकच अपेक्षा होती: पाणी धरून ठेवायचं.

ती अपेक्षा का, हे फिल्म करताना नीट कळतं. स्टार्च, पेक्टिन किंवा प्रथिन पाण्यात विरघळवायचं, थोडं ग्लिसरॉल घालायचं (नाहीतर वाळल्यावर तडे जातात), सपाट ताटलीत ओतून रात्रभर ठेवायचं आणि सकाळी कडेला नख लावून सोलायचं. असा पापुद्रा कोरडा असेपर्यंत ऑक्सिजन उत्तम अडवतो. पण तो मुळातच पाण्याचा सोयरा. दमट हवेत लगेच मऊ पडतो. म्हणून त्यात तेल किंवा मेण घालायचं, तर ते पाण्यात मिसळत नाही. लेसिथिनसारखा मध्यस्थ घालून, जोरात घुसळून थेंब बारीक करावे लागतात. थेंब मोठे राहिले तर वाळता वाळता वर येतात, आणि हातात येणाऱ्या पापुद्र्याची एक बाजू तेलकट, दुसरी कोरडी असते. सगळं जमलं तरी तो थोडा धुरकट होतो आणि बहुधा आधीपेक्षा लवकर फाटतो.

दुसरी गोष्ट सुगंधी तेलांची. जर्मन रसायनशास्त्रज्ञ कॅस्पर नॉयमान यांनी १७१९ मध्ये थाइम या सुगंधी वनस्पतीच्या तेलातून थायमॉल वेगळं काढलं. ओव्याला वास येतो तो याच द्रव्यामुळे. अशा तेलांच्या नुसत्या वाफेने जंतू मरतात, हे प्रयोगाने मोजण्याचं पहिलं श्रेय सहसा द ला क्रुआ यांच्या १८८१च्या कामाला देतात. पण पदार्थ टिकवायला पुढे बेंझोएट आणि सॉर्बेट ही परिरक्षकं, म्हणजे जंतूंची वाढ रोखणारी रसायनं, वापरात रुळली. स्वस्त आणि वासाचा त्रास नाही. मग लवंगेच्या तेलाला कोण विचारतो?

माझ्या मते खरा सांधा १९८०च्या दशकात जुळला, आणि तोही सुगंधी तेलाशिवाय. पुष्कळ पदार्थांवर जंतू आधी पृष्ठभागावर वाढतात, मग परिरक्षक आतपर्यंत कालवायचं कशाला? ते वरच रोखून धरावं, म्हणून मक्यातल्या झीन या प्रथिनाचा थर वापरून पाहिला गेला. त्यात होतं सॉर्बिक आम्ल. त्याच्या जागी वनस्पतीचं तेल घालणं ही पुढची पायरी. अमेरिकेच्या १९५८च्या कायद्यानंतर मसाल्यांची बरीच तेलं खाण्यास सुरक्षित मानलेल्या यादीत होतीच, त्यामुळे वाट सोपी झाली. २००४ मध्ये कॅनडातल्या मोनिक लाक्रुआ यांच्या गटाने दुधाच्या प्रथिनाच्या फिल्ममध्ये ओरेगॅनोचं तेल घालून ती गोमांसावर वापरून पाहिली. कॅलिफोर्नियात आल्बनीच्या सरकारी प्रयोगशाळेत तर फिल्मच सफरचंदाच्या गराची होती. २००६च्या त्या अभ्यासात ई. कोलाय O१५७:H७ या घातक जंतूविरुद्ध ओरेगॅनो पहिलं आलं, मग गवती चहा, मग दालचिनी. ओरेगॅनोतलं कार्व्हाक्रॉल जंतूच्या पेशीचं आवरणच ढिलं करतं.

प्रयोगशाळेतल्या ताटलीत जेवढं तेल पुरतं तेवढं खऱ्या पदार्थात पुरत नाही, कारण तिथली चरबी आणि प्रथिनं ते शोषून घेतात. काही तर फिल्म वाळतानाच उडून जातं. मात्रा वाढवावी तर मांसाला मांसाची चव उरत नाही. थेंब आणखी बारीक करणं, तेल सूक्ष्म कुपीत बंद करून हळूहळू सोडणं, ही अलीकडची खटपट त्यासाठीच आहे. आणि हा पापुद्रा तोंडात जाणार, म्हणजे धुळीपासून आणि दहा जणांच्या हातांपासून तो जपायला हवा. त्यासाठी वरून आणखी एक वेष्टन लागतं, न खाण्याचं.